एका प्रतीवर विसंबू नये : भुसावळच्या कबरीपासून परवडणाऱ्या निगेटिव्ह स्कॅनरपर्यंत

#थ्रेड #खान्देश #इतिहास

१/
भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यात या माणसाने अर्धे आयुष्य वेचले. त्यांतील बहुतेक प्रती एका रात्रीत जळून गेल्या. घरोघरी पडून असलेल्या कृष्णधवल निगेटिव्हसाठी आज कोणता स्कॅनर घ्यावा, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या आगीच्या कथेत आहे.

२/
गिल मद्रास सैन्यातील अधिकारी. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांची नेमणूक अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्यासाठी केली. खान्देशच्या सीमेवरील त्या लेण्यांत अंधार, वटवाघळे आणि ओल. अशा ठिकाणी बसून त्यांनी वर्षानुवर्षे मोठमोठी तैलचित्रे रंगवली आणि ती इंग्लंडला पाठवली.

३/
लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये ही चित्रे लोकांना पाहण्यासाठी लावण्यात आली. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली. मांडलेल्या चित्रांपैकी जवळजवळ सर्व नष्ट झाली. प्रदर्शनात नसलेली चार-पाच तेवढी उरली. वीस वर्षांच्या कामाची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

४/
पुढे मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेच काम नव्याने हाती घेतले. त्या प्रतीही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांतील मोठा भाग जळाला. म्हणजे वीस वर्षांच्या आत एकाच लेण्याच्या प्रती दोनदा आगीत गेल्या.

५/
गिल यांच्या कामाचा एक भाग मात्र वाचला. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कॅमेरा हाती घेतला होता. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये 'द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात गिल यांची ७४ छायाचित्रे होती. ग्रंथाच्या प्रती अनेक ठिकाणी पोहोचल्या, म्हणून एका इमारतीच्या आगीने ती छायाचित्रे संपली नाहीत.

६/
हे शक्य झाले ते निगेटिव्हमुळे. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दगेरोटाइप पद्धतीत धातूच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी उलट्या छायांचे चित्र, म्हणजे निगेटिव्ह, आधी घेऊन त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची पद्धत रूढ केली. छायाचित्रणाची पुढची दीडशे वर्षे याच तत्त्वावर चालली.

७/
म्हणून छायाचित्राचे मूळ कोणते, याचे उत्तर भिंतीवरची तसबीर हे नाही. मूळ निगेटिव्ह आहे. तसबीर ही त्यावरून कोणी एकाने, एका दिवशी, एका कागदावर काढलेली प्रत. जुन्या वाड्यातील फोटो फिका पडला असला, तरी त्याची निगेटिव्ह हाती असेल तर चेहरा पुन्हा मिळू शकतो. फोटो जपून निगेटिव्ह रद्दीत देणारे घर नेमकी उलटी निवड करते.

८/
प्रती करून वाचवण्याची परंपरा खान्देशाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावी फिरून दप्तरे शोधली, कागद वाचले, उतरवून घेतले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांतून छापले. पहिला खंड १८९८ चा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी तेथे उभे राहिले.

९/
राजवाडे यांच्या कामाचा धडा साधा आहे. मूळ कागद वाळवी खाईल, मालक विकेल, पुरात जाईल. छापलेली प्रत शंभर ठिकाणी राहील. धुळ्याच्या संशोधकांनी कागदपत्रांच्या बाबतीत जे ओळखले, ते निगेटिव्हच्या बाबतीत घरांना आणि स्टुडिओंना अद्याप ओळखायचे आहे.

१०/
याच प्रदेशात चाळीसगाव आहे आणि तेथे कलामहर्षी केकी मूस होते (१९१२–१९८९). मुंबईत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये व्यावसायिक कला शिकून आलेले हे पारशी कलावंत चाळीसगाव स्थानकाजवळच्या आपल्या घरात सुमारे अर्धशतक जवळजवळ बंदिस्त राहिले. त्या घराला त्यांनी 'रेम्ब्राँज रिट्रीट' असे नाव दिले होते. आज ते कलासंग्रहालय आहे.

११/
मूस यांची कीर्ती 'टेबलटॉप' छायाचित्रणाची. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, प्रकाश असा टाकायचा की पाहणाऱ्याला ते विस्तीर्ण दृश्य वाटावे. अशा चित्रात रंग नसतो. असतात त्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या असंख्य छटा. गडद सावलीतील तपशील एकसलग काळा झाला की दृश्याचा भास मोडतो आणि टेबल दिसू लागते.

१२/
स्कॅनर निवडताना हीच कसोटी लावावी. कृष्णधवल निगेटिव्हचा जीव छटांमध्ये असतो. म्हणून यंत्राने प्रत्येक बिंदूसाठी १६ बिट करड्या छटा नोंदवाव्यात आणि टिफ प्रकारची फाइल द्यावी. ८ बिटमध्ये २५६ पायऱ्या मिळतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. उजेड-सावली सावरताना पहिल्या प्रकारात आभाळ पट्ट्यापट्ट्यांचे होऊ शकते; दुसऱ्यात ते सलग राहते.

१३/
चित्र संगणकाला वाचायला लावण्याचा इतिहास १९५७ पासून सुरू होतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. बिंदू होते १७६ × १७६, म्हणजे जेमतेम ३१ हजार. छटा दोनच : काळी आणि पांढरी. अधिक छटांसाठी त्यांना वेगवेगळ्या पातळीवर पुन्हा पुन्हा वाचन करून ती एकावर एक ठेवावी लागली.

१४/
त्यानंतर छापखान्यांत ड्रम स्कॅनर आले आणि १९९० च्या दशकात टेबलावर मावणारे फिल्म स्कॅनर. निकॉन आणि मिनोल्टा ही त्यांतील मोठी नावे. डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा बाजार आटवला. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेरा व्यवसायातून अंग काढून घेतले, निकॉनचे कूलस्कॅनही २०१० च्या सुमारास थांबले. उत्तम यंत्रे बंद झाली तेव्हा जगभरातील बहुतेक निगेटिव्ह अजून डब्यांतच होत्या.

१५/
आज परवडणारे मार्ग चार उरतात : झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड, फक्त ३५ मिमीसाठीचा फिल्म स्कॅनर, संगणकाविना चालणारी लहान पेटी आणि डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचा फोटो घेणे. यांतून निवड करण्याआधी दुकानाची यादी उघडू नये. आधी घरातील डबा उघडावा. निर्णय निगेटिव्हच्या आकारावर ठरतो.

१६/
खान्देशातील डब्यांत सहसा तीन पिढ्या सापडतात. सर्वांत जुनी स्टुडिओची : काचेच्या प्लेट आणि मोठ्या शीट, क्वार्टर प्लेट (३¼ × ४¼ इंच) किंवा हाफ प्लेट (४¾ × ६½ इंच). मधली १२० रोलची. भारतात बनणाऱ्या आगफा क्लिक-३ या साध्या कॅमेऱ्यात एका रोलवर ६ × ६ सेंमीचे १२ फोटो निघत. शेवटची ३५ मिमीची, एका रोलवर ३६ फोटो.

१७/
मधल्या पिढीतील रोलवर कधी 'इंदू' हे नाव दिसते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याचा हा माल. परदेशी फिल्म दुर्मीळ आणि महाग होती, त्या काळात देशातील असंख्य लग्ने, मुंजी आणि शाळांचे गट या फिल्मवर उतरले.

१८/
आता डीपीआयचा हिशेब. ३५ मिमीची चौकट २४ × ३६ मिमी. खऱ्या २४०० डीपीआयने वाचली तर २२६८ × ३४०२ बिंदू मिळतात, सुमारे ७७ लाख. ३०० डीपीआयने छापल्यास त्याचा ११ × ७½ इंचांचा फोटो होतो. घरातील भिंतीसाठी आणि पुस्तकासाठी एवढे भरपूर.

१९/
'खऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. खोक्यावर ६४०० लिहिलेल्या स्वस्त फ्लॅटबेडची परीक्षण-पट्टीवर मोजलेली क्षमता बहुधा १५०० ते २५०० च्या दरम्यान भरते. आकडा खोटा नसतो. यंत्र तेवढे बिंदू मोजते, पण त्याचे भिंग तेवढा तपशील वेगळा करू शकत नाही. फाइल फुगते, चेहरा तोच राहतो. ३५ मिमीच्या स्वस्त फिल्म स्कॅनरची खरी क्षमता ३००० च्या पुढे जाऊ शकते.

२०/
म्हणून डब्यात सगळे ३५ मिमीच असेल तर त्यासाठीच बनवलेला फिल्म स्कॅनर घ्यावा. १२० रोल असतील तर फ्लॅटबेड पुरेसा. ६ × ६ ची प्रत्यक्ष चौकट ५६ मिमीची. खऱ्या १८०० डीपीआयनेही तिचे दीड कोटीहून अधिक बिंदू होतात आणि १३ इंच चौरस फोटो छापता येतो. आजोबांचा साधा क्लिक-३ येथे नातवाच्या महागड्या ३५ मिमी कॅमेऱ्याला हरवू शकतो.

२१/
काचेच्या प्लेटचा प्रश्न निराळा. त्यांना तपशिलासाठी १२०० डीपीआयही पुष्कळ. क्वार्टर प्लेटचे त्यातही सुमारे दोन कोटी बिंदू होतात. अडचण दिव्याच्या रुंदीची. स्वस्त फ्लॅटबेडच्या झाकणातील प्रकाशपट्टी बहुधा १२० रोलपुरतीच रुंद असते. हाफ प्लेट तिच्यात मावत नाही. प्लेट असतील तर पूर्ण झाकणभर दिवा असलेले यंत्र शोधावे, नाहीतर कॅमेऱ्याचा मार्ग धरावा.

२२/
आणखी एका ठिकाणी पैसे वाचतात. जाहिरातींत धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणाऱ्या इन्फ्रारेड सोयीचे मोठे कौतुक असते आणि तिच्यासाठी वरचढ किंमत मागितली जाते. ही सोय रंगीत फिल्मवर चालते, कारण तिच्यातील रंग इन्फ्रारेड किरणांना आरपार जाऊ देतात. अडतात ती फक्त धूळ आणि ओरखडे. त्यावरून यंत्र डाग ओळखते.

२३/
पारंपरिक कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र चांदीच्या कणांचे असते आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते. यंत्राला चित्रच डाग वाटते आणि ते चेहरा पुसू लागते. म्हणून केवळ कृष्णधवल निगेटिव्ह असलेल्या घराने या सोयीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. त्याऐवजी पाच-पन्नास रुपयांचा हवेचा रबरी फुगा घ्यावा आणि स्कॅन करण्यापूर्वी धूळ उडवावी.

२४/
यादीतील 'डीमॅक्स' या आकड्याचेही तसेच. सर्वांत गडद भागातून यंत्र किती वाचू शकते, हे तो सांगतो. स्लाइडसाठी तो मोठा लागतो. नीट धुतलेल्या कृष्णधवल निगेटिव्हची घनता सहसा २.५ च्या आत राहते. साधारण फ्लॅटबेडला तेवढे पेलते. निगेटिव्हचा मालक या बाबतीत स्लाइडच्या मालकापेक्षा स्वस्तात सुटतो.

२५/
संगणकाविना चालणारी पेटी म्हणजे आत बसवलेला लहानसा कॅमेरा. वेग चांगला, किंमत कमी. पण ती बहुधा ८ बिटची दाबलेली जेपेग फाइल देते आणि उजेड स्वतःच ठरवते. कोणत्या निगेटिव्हमध्ये काय आहे याची ओळख-यादी करण्यासाठी ती उपयोगी. मूळ चित्राची जागा घेणारी प्रत तिच्याकडून मागू नये.

२६/
घरात बदलत्या भिंगाचा डिजिटल कॅमेरा असेल तर सर्वांत स्वस्त मार्ग तोच. मॅक्रो भिंग, उभा स्टँड, सलग पांढरा प्रकाश देणारा पॅड आणि निगेटिव्ह सपाट धरणारी चौकट एवढे साहित्य लागते. रॉ फाइल घेऊन नंतर उलटवावी. मोबाइलच्या पडद्यावर निगेटिव्ह थेट ठेवू नये. पडद्याचे बिंदू चित्रात उतरतात. मध्ये दुधी प्लॅस्टिक आणि थोडे अंतर असावे.

२७/
वेळेचा हिशेब करूनच ठरवावे. फ्लॅटबेडवर एका फोटोला सरासरी ३ मिनिटे धरली तर १००० निगेटिव्हना ५० तास लागतात. कॅमेऱ्याने मांडणी एकदा जमली की एका फोटोला काही सेकंद पुरतात. शंभर निगेटिव्ह असलेल्या घराला फ्लॅटबेड सोयीचा. हजारोंचा साठा असलेल्या स्टुडिओला कॅमेरा.

२८/
जुने, वापरलेले फिल्म स्कॅनर स्वस्तात मिळतात आणि त्यांतील काही आजच्या नव्या यंत्रांपेक्षा सरस आहेत. घेण्यापूर्वी मागची जोडणी पाहावी. यूएसबी असेल तर निभावते. स्कझी किंवा फायरवायर असेल तर सोबत जुना संगणक किंवा वेगळे कार्ड लागते. कंपनीचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नसले, तरी व्ह्यूस्कॅनसारख्या प्रणाली अनेक जुनी यंत्रे चालवतात.

२९/
घाई कशाची, असे वाटेल. उत्तर जळगावच्या उन्हात आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून वर. ॲसिटेट फिल्म उष्णता आणि ओल यांनी कुजते. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ती आकसते, थर सुटतो. एकदा सुरू झालेली ही कूज थांबत नाही आणि शेजारच्या फिल्मलाही लागते. वास येणाऱ्या निगेटिव्ह वेगळ्या काढून आधी स्कॅन कराव्यात.

३०/
सुमारे १९५० पूर्वीच्या शीट आणि रोल फिल्ममध्ये नायट्रेट असू शकते. ते अत्यंत ज्वालाग्राही. पिवळी पडलेली, चिकट झालेली अशी फिल्म बंद डब्यात, पत्र्याखाली किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नये. ती तज्ज्ञांना दाखवावी. काचेच्या प्लेट पाण्याने धुऊ नयेत, एकावर एक रचू नयेत. कागदात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात.

३१/
सराफ बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावात हेही सांगायला हवे की निगेटिव्हमध्ये चांदी असते. जुनी फिल्म आणि एक्स-रे त्या चांदीसाठी भंगारात विकले जातात. स्टुडिओ बंद होतो, वारसांना जागा हवी असते आणि डबे वजनावर जातात. मूठभर धातूसाठी एका गावाची पन्नास वर्षांची तोंडओळख वितळते.

३२/
स्टुडिओच्या डब्यात नेत्यांचे फोटो थोडे. बहुतांश चेहरे अशा माणसांचे, ज्यांचे आयुष्यात एक-दोनदाच छायाचित्र निघाले : लग्नातले, नोकरीच्या अर्जासाठीचे, जत्रेतले. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेले नाव आणि तारीख असेल तर स्कॅन करताना तेही फाइलच्या नावात उतरवावे. नाव नसलेला चेहरा पुढच्या पिढीला परका होतो.

३३/
शेवटी पुन्हा गिल यांच्याकडे. २४०० डीपीआय आणि १६ बिटची ३५ मिमीची एक कृष्णधवल फाइल सुमारे १५ एमबीची होते. हजार फोटो १५ जीबीत बसतात. एवढ्या साठ्याला आज फारसा खर्च नाही. म्हणून तीन प्रती असाव्यात : दोन वेगळ्या साधनांवर आणि तिसरी दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर. १८६६ मध्ये सिडनहॅमला नव्हती, ती ही तिसरी प्रत.

३४/
आणि स्कॅन झाल्यावरही निगेटिव्ह टाकू नये. उद्याचे यंत्र तिच्यातून आज न दिसणारे काही वाचू शकेल. ग्रिफिथ्स यांच्या प्रती जळाल्या, तरी अजिंठ्याची भिंत उभी होती, म्हणून तिच्याकडे पुन्हा जाता आले. घरातील निगेटिव्ह ही त्या घराची भिंत आहे. स्कॅनर कोणता घ्यायचा हे ठरेपर्यंत निदान डबा माळ्यावरून खाली उतरवून कोरड्या, सावलीच्या कपाटात ठेवावा.

(समाप्त)